पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत लाकडाचा स्टोव्ह: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, मेटगुताड या पट्ट्यात घर घेऊन राहायला आलेली मंडळी पहिला कडाका बसला की स्टोव्हची चौकशी सुरू करतात. म्हणजे डिसेंबरात. तोवर उशीर झालेला असतो, आणि तो स्टोव्हचा नसतो. स्टोव्ह आठवडाभरात बसवून मिळतो, पण वाळलेलं लाकूड डिसेंबरात कुठेही मिळत नाही. जळणाची तयारी मृगाच्या आधी झालेली असावी लागते. हे एक लक्षात ठेवलंत तर बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे.

आधी थंडीचा अंदाज घेऊ. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर त्याहून थोडं वर. ऐन हिवाळ्यात पहाटे गावात पारा १०-१२ अंशांच्या आसपास येतो, लाट आली तर आणखी खाली. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठून हिमकण दिसल्याच्या बातम्या जवळपास दर हिवाळ्यात येतात. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. तुमचं घर तलावाकाठी किंवा खोलगट जागी असेल तर टेकाडावरच्या शेजाऱ्यापेक्षा तुमच्याकडे थंडी दोन-चार अंशांनी जास्तच असणार. तरीही ही काश्मीरची थंडी नाही. संध्याकाळी चार तास एक खोली नीट तापली की काम भागतं. सगळं घर चोवीस तास तापवायचा हट्ट धरू नका.

आधी फटी, मग स्टोव्ह

कौलारू किंवा पत्र्याच्या घरात छताखाली काहीच नसेल तर केलेली ऊब थेट आभाळात जाते. ज्या खोलीत बसणार तिला निदान खोटं छत करून घ्या आणि त्यावर रॉकवूल किंवा ग्लासवूल अंथरा. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीची भेग, भिंत आणि छत यांच्या सांध्यातली मोकळी जागा बुजवा. रात्री जाड पडदे ओढा, मात्र स्टोव्हपासून लांबच्या खिडकीचे. एवढ्यानेच फरक कळतो. जांभ्याच्या जाड भिंतींची घरं सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. अशा घरात संध्याकाळी सहाला पेटवलेला स्टोव्ह आठला जाणवायला लागतो, पण झोपेपर्यंत खोली टिकून राहते.

कोणता घ्यायचा

इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांत उघड्या फायरप्लेस आहेत. दिसायला देखण्या, पण त्यातली १०-१५ टक्के उष्णताच खोलीत येते, उरलेली गरम हवेबरोबर धुराड्यातून निघून जाते. बंद दाराचा चांगला स्टोव्ह ६०-७० टक्क्यांपर्यंत जातो. जुन्या बंगल्यात राहत असाल तर फायरप्लेसच्या कोनाड्यातच बंद स्टोव्ह बसवून त्याची नळी जुन्या धुराड्यातून वर नेता येते. माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग.

आकाराचा ठोकताळा असा: बऱ्यापैकी बंद होणाऱ्या खोलीला दर १४ घनमीटरमागे १ किलोवॉट. १२ बाय १४ फुटांची, १० फूट उंच खोली साधारण ४८ घनमीटर भरते, म्हणजे साडेतीन किलोवॉट. चार-पाच किलोवॉटचा स्टोव्ह पुष्कळ झाला. विकणारा मोठा घ्या म्हणेल. घेऊ नका. मोठा स्टोव्ह खोली लवकर तापवतो, मग तुम्ही त्याची हवा कोंडता, आणि कोंडलेली आग धूर आणि काजळीच करते.

बिडाचा घ्या किंवा जाड एम.एस. (माइल्ड स्टील) प्लेटचा. बीड उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, पण गरम असताना त्यावर गार पाणी पडलं तर तडकतं. गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर चार गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या: प्लेट निदान ५-६ मिलिमीटरची, आत फायर ब्रिकचं अस्तर, आगीच्या वर धूर वळवणारी आडवी पाटी, आणि दाराला उष्णता सोसणाऱ्या दोरीचं सील. ही आडवी पाटी बहुतेक जण विसरतात. ती नसली की ज्वाळा सरळ नळीत शिरते आणि खोलीऐवजी कावळ्यांना ऊब मिळते. सील तपासायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून हवा शिरणार.

जागा आणि नळी

स्टोव्हच्या चारी बाजूंनी, जळू शकेल अशा कुठल्याही वस्तूपासून ३ फूट अंतर. यात सोफा, लाकडी कपाट, पडदा आणि लाकडी पार्टिशन सगळं आलं. धुक्याच्या दिवसांत कपडे वाळत नाहीत म्हणून स्टोव्हजवळ दोरी बांधायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथेही ३ फुटांचाच नियम. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर प्रश्नच नाही. लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन असेल तर स्टोव्हखाली आणि दारासमोर दीड फूट पुढे येईल एवढी दगडी फरशी टाकून घ्या, कारण दार उघडल्यावर ठिणगी पुढेच उडते.

नळीचं काम समजायला आपल्याकडचा बंब आठवा. मधली नळी तापली की ती वर हवा ओढते आणि खालून विस्तवाला वारा मिळतो. स्टोव्हचंही तसंच. नळी जितकी उंच, सरळ आणि गरम, तितकी ओढ चांगली. स्टोव्हच्या तोंडाचा जो व्यास, बहुतेक ६ इंच, तोच वरपर्यंत ठेवा. एकूण उंची १५ फुटांच्या आसपास हवी. काटकोनी वळणं टाळा. छपरातून बाहेर पडल्यावर नळी निदान ३ फूट वर असावी आणि १० फुटांच्या आत छपराचा आढा, टाकी किंवा शेजारची भिंत जे काही असेल त्याच्याहून २ फूट उंच. हे पाळलं नाही तर वारा फिरला की धूर उलटा खोलीत येतो. टेबललँड पठाराच्या बाजूच्या आणि दरीच्या तोंडाशी असलेल्या घरांना वर वाऱ्याची टोपीही लागते.

नळी जीआयची (गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची) लावू नका. आपल्याकडे फॅब्रिकेटर सर्रास तीच सुचवतात, कारण ती हाताशी असते. स्टोव्हजवळच्या उष्णतेत तिच्यावरचा जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि त्याचा धूर अंगाला बाधतो. खोलीतला भाग काळ्या जाड पत्र्याचा किंवा स्टेनलेसचा करा. छपरातून जाणारा भाग दुहेरी भिंतीचा आणि मध्ये सिरॅमिक वूल भरलेला हवा, कारण तिथेच वासे आणि रिपा असतात. एक बारीक गोष्ट: सांधे करताना वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत बसलं पाहिजे. मग आतून ओघळणारी काजळी आतच राहते. उलटं बसवलं तर ती सांध्यातून बाहेर येऊन भिंतीवर तपकिरी डाग पडतात, आणि ते कशानेही निघत नाहीत.

छपराला जिथे भोक पडतं तिथे पाणी अडवणारा पत्र्याचा गळपट्टा नीट करून घ्या. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नुसतं सिलिकॉन फासून चालत नाही. आणि नळीला तारांचे ताण द्या. वाऱ्यापेक्षा माकडांसाठी.

जळण: इथे घाई चालत नाही

ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. दहा किलो ओलं लाकूड स्टोव्हमध्ये घातलंत तर पाचेक लिटर पाण्याची आधी वाफ करावी लागते, त्यातच साडेतीन युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) आसपास उष्णता खर्ची पडते. खरा तोटा पुढे आहे. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊब त्यातून निघणाऱ्या वायूंत असते, आणि ते वायू पेटायला ५००-६०० अंश उष्णता लागते. ओल्या लाकडाची आग तिथवर पोहोचतच नाही. वायू न जळता धूर होऊन वर जातात आणि नळीत गार होऊन डांबरासारखे चिकटतात. स्टोव्ह तापत नाही, काच काळी पडते, खोलीत धूर होतो अशा बहुतेक तक्रारींचं मूळ लाकडात असतं. लोक मात्र स्टोव्ह बदलतात, नळी बदलतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्टोव्हला लाकूड २० टक्क्यांच्या खाली ओल असलेलं लागतं. ओल मोजायचं छोटं दोन सुयांचं यंत्र मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचा, बाहेरून टोचून काही कळत नाही. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं बद्द करतं. टोकाला मधोमधून कडेपर्यंत भेगा गेलेल्या असतात आणि साल हाताने सुटते. जळताना टोकातून फेस आला तर समजून घ्या.

आपलं कॅलेंडर असं. लाकूड संक्रांतीच्या सुमारास आणा. लगेच फोडा, कारण साल असलेला गोल ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहतो. मनगटापासून दंडापर्यंतच्या जाडीचे आणि स्टोव्हच्या आतल्या लांबीपेक्षा दोन-तीन इंच आखूड तुकडे करा. फेब्रुवारी ते मे अशी चार महिन्यांची ऊन-वाऱ्याची मुदत मिळते आणि बारीक फोडलेल्या बऱ्याच लाकडांना ती पुरते. बाभळीसारखं जड लाकूड मात्र पुढच्या हिवाळ्यासाठी धरा. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर किंवा जुन्या पॅलेटवर रचा, घराच्या भिंतीला टेकवू नका. वाळवी भिंतीत शिरायला तेवढा रस्ता पुरतो. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, पूर्ण छपराखाली हलवा. इथल्या पावसात आणि धुक्यात नुसती ताडपत्री टाकलेली थप्पी सप्टेंबरात बुरशीने पांढरी निघते. थप्पीत हात घालताना हातमोजे घाला, विंचवांची ती आवडती जागा.

याहून सोपी वाट आहे. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वर आहे त्याच जिल्ह्यात माण आणि खटाव आहेत, जिथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडची बाभूळ तिकडच्याच उन्हात वाळलेली असेल तर ती एप्रिल-मेमध्ये खरेदी करून थेट छपराखाली ठेवायची. वखारीतून पावतीसह घ्या. पावती महत्त्वाची, कारण महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. घरामागच्या रानातलं वाळकं पडलेलं लाकूडही आपलं नसतं, आणि स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

लाकडांत बाभूळ पहिली: जड, सावकाश जळणारी, निखारा टिकवणारी. सुबाभूळ चांगली. निलगिरीला आच भरपूर, पण वाळल्यावर ती फुटता फुटत नाही, म्हणून ओली असतानाच फोडून ठेवा. पाचगणीत छाटणीची सिल्व्हर ओक मिळते. हलकी आहे, पेटवायला बरी. पांगारा आणि सावर कागदासारखे जळून जातात. बिबा आणि कण्हेर घरात आणूसुद्धा नका, दोन्हींचा धूर बाधतो, आणि बागेतली कण्हेर छाटली की तिच्या काटक्या नेमक्या जळणात येऊन पडतात. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, प्लास्टिक काही नको. वड, पिंपळ, उंबर इथले लोक जाळत नाहीत. तुम्ही श्रद्धा ठेवा किंवा न ठेवा, गड्याला ते फोडायला सांगू नका.

किती लागेल? वाळलेल्या एका किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते. चार किलोवॉटचा स्टोव्ह चार तास म्हणजे १६ युनिट, आणि निम्म्याहून थोडी जास्त खोलीत येते असं धरलं तर रोज सहा-सात किलो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज पेटवलात तर सहाशे किलोच्या आसपास लागतं.

पेटवायची रीत

नवा स्टोव्ह असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा अगदी लहान आग करा. रंग भाजला जातो, वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

चुलीची सवय असलेल्याला खालून पेटवायची सवय असते. स्टोव्हमध्ये उलटं करा. तळाशी दोन-तीन जाड फोडी बोटभर अंतर ठेवून मांडा. त्यावर अंगठ्याएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या रचा. सगळ्यात वर कागदाचे दोन बोळे, रंध्याचा भुसा किंवा ढलप्या आणि नारळाची एखादी करवंटी फोडून. करवंटीसारखं पेटवण दुसरं नाही, पण एकच, कारण तिची आच भलतीच असते. हवेची पट्टी पूर्ण उघडा, काडी वरच्या कागदाला लावा, दार बोटभर फटीवर ठेवा. आग वरून खाली उतरत जाते. त्यामुळे खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळतो, धूर फारसा होत नाही. पाचेक मिनिटांत दार बंद करा. रॉकेल-पेट्रोलचा थेंबही नको, आणि दुधाच्या पिशवीने पेटवायची खोड असेल तर ती बाहेरच्या बंबापुरतीही सोडून द्या.

नळी अगदी गार असेल तर पहिला धूर खोलीत फिरतो, कारण आतला गार हवेचा खांब खाली दाबत असतो. अशा वेळी आधी एक कागद पेटवून नळीच्या तोंडाशी धरा. ओढ सुरू झाल्याचा हलका घुमारा ऐकू येतो, मग आग लावा. तरीही धूर आत येत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू आहे का बघा. बंद घरातला पंखा हवा नेमकी स्टोव्हच्या नळीतून खाली खेचतो.

पंधरा-वीस मिनिटांनी हवा थोडी कमी करा. ज्वाळा पिवळी आणि नाचती हवी. मंद, लाल, काजळी धरणारी झाली तर हवा पुन्हा वाढवा. नळीवर चिकटणारा चुंबकी तापमापक घ्या आणि १२० ते २४० अंशांच्या दरम्यान ठेवा. आणि एकदा अंगणात जाऊन धुराड्याकडे पाहून या: आग नीट लागल्यावर वर धूर जवळजवळ दिसता कामा नये. नवं लाकूड घालताना दार हळू उघडा, निखारे पुढे ओढा, एक-दोन फोडी मागे ठेवा आणि पाच मिनिटं हवा वाढवा.

झोपताना स्टोव्ह ठासून भरून हवा कोंडायची, म्हणजे सकाळपर्यंत धुमसत राहील, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. सगळ्यात जास्त काजळी अशाच रात्री जमते, आणि इथली थंडी रजईच्या आवाक्यातली आहे. शेवटची फोड झोपण्याच्या तासभर आधी.

जीवाशी खेळ नको

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे घेऊन झोपणं हा आत्मघात आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. धुराड्याचा स्टोव्ह त्याहून खूप सुरक्षित असतो, पण नळी तुंबली तर तोही वायू आत सोडतो. म्हणून खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. गॅसगळतीचा किंवा धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही. बाहेरची ताजी हवा यायला भिंतीत, स्टोव्हच्या जवळपास, एक छोटी जाळीची खिडकी कायम उघडी ठेवा. डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि घरातल्या सगळ्यांनाच एकदम, असं झालं तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

धुराडी साफ करणारा माणूस आपल्याकडे मिळत नाही. ६ इंची तारेचा गोल ब्रश आणि जोडायच्या दांड्या आणून ठेवा. हंगामाच्या आधी एकदा आणि जानेवारीत एकदा नळी घासा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेला आत पक्ष्याचं घरटं किंवा मोहोळ नाही ना तेही बघा. भुसभुशीत काळी पूड निघाली तर ठीक. चकचकीत, डांबरासारखे पापुद्रे निघाले तर लाकूड ओलं आहे किंवा आग कोंडली जात आहे. हाच थर कधीतरी पेट घेतो. तेव्हा नळीतून मोठा घोंगावणारा आवाज येतो. स्टोव्हचं दार आणि हवेच्या सगळ्या पट्ट्या बंद करा, माणसं बाहेर काढा, ११२ किंवा १०१ ला फोन करा. स्टोव्हवर पाणी ओतू नका.

राख

राख गार दिसते, पण आतला विस्तव दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढा आणि बादली घराबाहेर, फरशीवर ठेवा. प्लास्टिकच्या बादलीत किंवा पुठ्ठ्यात कधीच नाही. तळाशी बोटभर राख ठेवली तर पुढची आग लवकर धरते. भांडी घासायला ती उत्तमच, भाजीच्या वाफ्याला थोडी चालते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मात्र टाकू नका: त्या पिकाला किंचित आम्लधर्मी माती लागते आणि राख नेमकी उलट काम करते.

हंगाम संपल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये स्टोव्ह थांबला की राख पूर्ण काढा. ती हवेतली ओल शोषून घेते आणि पावसाळ्यात तळाची प्लेट आतून गंजते. नळी घासून घ्या, बाहेरून स्टोव्हला कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचा हात फिरवा. वरची टोपी पक्की आहे का पाहा आणि नळीचं वरचं तोंड जाड प्लास्टिकने बांधून टाका. आत वर्तमानपत्रावर चुन्याचे दोन-चार खडे ठेवून दार बोटभर उघडं राहू द्या. मग एका चिठ्ठीवर ‘वर नळी बांधली आहे, पेटवू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहून ती दाराच्या मुठीला सुतळीने बांधा, कारण जुलैच्या धुक्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना स्टोव्ह दिसला की पेटवायची हुक्की येते.